फितूर

ऑस्ट्रेलियातल्या आपल्या मेंढ्यांच्या फार्मला डेझमंडने सरकारवर चिडून स्वतंत्र देश जाहीर केलं होतं. दरवर्षी निवडणूक व्हायची. व्हरांड्यात मतपेटी, अंगणात शेगडीवर सॉसेज आणि कांदा. मतदार घरचेच पाच, आणि उमेदवार एकटा डेझमंड. चिठ्ठीवर फक्त 'हो' किंवा 'नाही' लिहायचं. तरी दरवेळी एक 'नाही' निघायचाच.

"सापडली फितूर!" डेझमंड बायकोकडे बोट दाखवायचा. "चला, विरोधी पक्षनेत्या नोरीनबाई, देशाची भांडी तुमची वाट बघतायत."

"अरे, मी 'हो'च लिहिलंय."

"पकडले गेले की सगळे असंच म्हणतात!"

नोरीन हसत भांडी घासायची.

ती गेल्यानंतरची ही पहिलीच निवडणूक. पेटीतून चार चिठ्ठ्या निघाल्या. त्यातली एक 'नाही'.

डेझमंड बघतच राहिला.

"ती माझी, बाबा," मुलगा खालच्या आवाजात म्हणाला. "दरवर्षी माझीच असायची. आईला ठाऊक होतं. म्हणायची, सांगू नकोस, मला चिडवण्यात तुझ्या बाबांचा दिवस मजेत जातो."

डेझमंडने देशाचा झेंडा उतरवला, सगळ्यांच्या बशा गोळा केल्या आणि तो आत गेला.

नळ बराच वेळ वाहत होता. भांड्यांचा आवाज मात्र येत नव्हता.