गाळाची अंगाई

गुहागरला आल्यापासून इरा धड झोपली नव्हती. पोर जहाजावर जन्मलेली. निजण्याआधी जमिनीला कान लावून जहाजाचा घुमारा ऐकायची तिची सवय. तिकडे आर्क्टिकच्या तळाशी, खंडाच्या उतारावरचा गाळ जहाजातून खाली सोडलेल्या या अखंड घुमाऱ्यानं शांत राही. घुमारा थांबला, की गाळ सरकून आत गोठलेला वायू उसळे.

“आई, इथं काहीच वाजत नाही,” ती म्हणाली.

“अगं बाय, हा कोकणचा कातळ. त्याला नाही लागत अंगाई!” आजोबा हसले.

इराच्या आईला, शर्वरीला, उद्या घुमारा सांभाळायच्या ड्युटीवर जहाजावर परतायचं होतं. पण अशा जागत्या लेकीला आजोबांकडे मागं ठेवायचं कसं?

दुपारी पाहते तर इरा पालथी पडून, तोंडानं तोच घुमारा काढत फरशी थोपटत होती.

“तू जा, आई,” ती हळूच म्हणाली. “इथली ड्युटी माझी.”