साईराजच्या नावावरचे व्हिडिओ

"आक्का, तू व्हिडिओ टाकून टाकून माझं स्टोरेज फुल्ल केलीस," हैदराबादहून साईराजचा फोन आला.

येळ्ळूरच्या घराचं एक शेअर केलेलं फोल्डर आम्हा बहीण-भावात आहे. लग्नाचे फोटो, आईचे रिपोर्ट, सगळं त्यात.

"माझ्यानं तुझी जागा कशी भरंल रं? फोल्डर दोघांचं असलं तरी जो फाईल टाकतो, त्याचीच जागा जाते."

बेळगावच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी झाली होती. त्याला फोनवर ठेवूनच मी फोल्डर उघडलं. नवे व्हिडिओ बरेच होते. प्रत्येकाखाली मालक म्हणून साईराजचंच नाव.

"मी काय बी टाकलो न्हाय," तो म्हणाला.

एक लावून बघितला. आमचंच अंगण. आई सांडगे वाळत घालत होती. तिनं मान वर करून कॅमेऱ्याकडं बघितलं. "मोबाईल ठेव आता. पाय धू, ताट वाढलंय."

पुढच्या व्हिडिओतही तेच. फक्त आईचं लुगडं वेगळं.

साईराज दिवाळीनंतर गावी आलेला नाही.

मी आईलाही त्याच कॉलवर घेतलं. "आई, दुपारचं घरात कोण येतंय गं?"

"कोण म्हणजे? साईराज की. रोज येतोय. बोलत काय न्हाय, जेवून जातोय. आत्ता बी बसलाय."

"आई," साईराज म्हणाला, "मी हैदराबादात हाय."

 आई आवाज अगदी बारीक करून म्हणाली,

"हळू बोल रं. त्यो ऐकायलाय."