लॉक सुटण्याआधी

राजूरच्या कोळसाखाणीत उतरणाऱ्या बादलच्या लेकीनं, जयानं, विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवलं होतं, पण ते दहा मिनिटांत बंद पडायचं. आज सकाळी तिला यंत्राच्या कर्नेलमधली, म्हणजे त्याच्या गाभ्याच्या प्रोग्रॅममधली, चूक सापडली. कोड आधी मेमरीच्या जागेवरचं लॉक सोडायचा आणि मग ती जागा किती कामं वापरताहेत ही मोजणी वाढवायचा. तेवढ्यात दुसरं काम तीच मेमरी मोकळी करून टाकायचं आणि यंत्र बंद पडायचं. तिनं मोजणीची ओळ लॉक सुटण्याआधी आणली आणि चाचणी लावली. दहा मिनिटं गेली, दुपार झाली, यंत्र चालूच. तिचा पाय जमिनीवर ठरेना. "बा, बंद नाही पडून राह्यलं." डबा घेऊन ड्यूटीवर निघालेला बादल थांबला. "काय केलं तू?" "कोणी वापरत असंन तोवर जागा मोकळी करू नको, एवढंच शिकवलं त्याले." "मंग आजपासून खाणीतल्या जुन्या यंत्रासंगं हेही खाली नेतो," तो म्हणाला. "साहेबाले महिन्याआधीच विचारून ठेवलं मी."