सरूबाईंचा मोर

कवटी उघडल्यावर सरूबाईंचा मेंदू हळूहळू खाली बसायला लागला. उघडा मेंदू असा बसतोच. पण शेजारच्या पडद्यावर संगणकाने घडवलेला त्यांचाच दुसरा मेंदू होता, आणि तो प्रत्येक वेळी दहा सेकंद आधीच तसा बसलेला असायचा. वीस वर्षं शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर ढवळेबाईंच्या अंगावर काटा आला.

गाठ बोलण्याच्या केंद्राला अगदी चिकटून होती. म्हणून सरूबाईंना जागं ठेवलं होतं, आणि बोलतं. येवल्यात चाळीस वर्षं मागावर बसलेल्या सरूबाई पैठणीच्या पदरातला मोर एकेका धाग्याने सांगत होत्या. “चार हिरवे, दोन जरीचे, एक लाल...”

डोळ्यांना गाठीची कड अगदी समोर दिसत होती. पडदा मात्र सांगत होता, ती अजून चार मिलिमीटर सरकणार आहे. ढवळेबाई हात आवरून थांबल्या. सुस्कारा सोडावा तसा मेंदू खाली बसला आणि कड पडद्याने सांगितलेल्या जागी आली. त्यांनी कापलं.

सरूबाई गप्प झाल्या.

“सरूबाई? पुढे काय?” ढवळेबाईंनी हातातलं थांबवून विचारलं. इतकं अचूक सांगणारा पडदा इथेच चुकला होता का?

चादरीखाली सरूबाईंचा उजवा हात दोनदा पुढे जाऊन जोरात मागे आला.

“थांबा की, डॉक्टरताई,” त्या म्हणाल्या. “ओळ संपली. मागाची फणी ठोकल्याशिवाय पुढची कशी बसंल? आता मोराचा डोळा येतो.”