इल्यानाचे गहू

उकडलेले गहू रात्रभर पंच्यावर पसरून ठेवले होते.

न्हाव्याने सुट्टीच्या दिवशी एका गिऱ्हाइकासाठी दुकान उघडलं.

पावाच्या रांगेत वेसेलिना आली आणि सगळ्या बायकांना एकदम हवापाण्यावर बोलावंसं वाटलं.

टोकाच्या घरी म्हातारी एकटीच राहते. तिथे दोरीवर पुरुषाचा शर्ट वाळत होता.

शनिवार, मृतांचा. दफनभूमीत धुपाचा नि वाइनचा वास. वेसेलिना लेकीच्या थडग्यापाशी पातेलं घेऊन उभी. गहू, पिठीसाखर, अक्रोड. पुढे येईल त्या हातात वाढायचं, घेणाऱ्याने म्हणायचं, "देव तिला क्षमा करो." वाढणाऱ्याने कुणालाच 'नाही' म्हणायचं नाही. इथे खाल्लेलं तिकडे पोचतं.

"नीट भर की गं," शेजारची पेन्का म्हणाली. "इल्याना अशी चिकट नव्हती."

"तिसऱ्यांदा आलीस, पेन्के."

"मग? तिसऱ्यांदा म्हणते, देव तिला..."

पेन्का मध्येच थांबली.

नवा हात पुढे आला होता. मोठा, नखं कापलेला. वेसेलिनाने खाली मान घालूनच वाढलं. चांगलं दोन डाव.

"देव तिला क्षमा करो."

आवाज ऐकून तिने वर पाहिलं. स्तोईल. तिचा जावई. इल्यानाला ज्याने मारलं, तो. केस बारीक कापलेले, तोंडात घास.

"साखर कमी पडली, आई," तो हळूच म्हणाला. "तिला गोड लागायचं."

त्याने घास गिळला, छातीवर क्रूसाची खूण केली आणि थडग्यांमधून टोकाच्या घराकडे, आपल्या आईकडे, चालत गेला.

पेन्काने तिचा दंड धरला. "वेसे, अगं, आम्हाला वाटलं, तुला सरकारने कळवलं असेल."

"आणि तुम्हाला कुणी कळवलं?"

"न्हाव्याने."

मागे एक म्हातारा कधीचा पेला धरून उभा होता. वेसेलिनाने डाव बुडवला. अर्धे गहू दगडावर सांडले. तिने ते एक एक वेचून खिशातल्या रुमालात घेतले, मग पेला काठोकाठ भरला.

"देव तिला क्षमा करो," म्हातारा म्हणाला.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं होतं, हा सुटेल तेव्हा तुम्हाला कळवायचं का. नको, वेसेलिना म्हणाली होती, त्याचं नाव माझ्या घरात यायला नको.