खंडेनवमीची फुलं

“या डबड्याला फूल वाहायचं नाही,” खंडेनवमीच्या सकाळी मिस्त्रींनी मला बजावलं. कॉम्प्युटरकडे पाठ करून त्यांनी झेंडूचा सगळ्यात मोठा हार आपल्या वेल्डिंग मशीनला घातला. आमच्या शेडमधली प्रत्येक व्हीलचेअर एकोणीस वर्षं त्यांनीच जोडलेली. “खुर्ची मी बनवतो,” असं ते कुणालाही सांगत, आणि मालकीण असून मीही कधी मध्ये बोलले नाही.

त्यांचा राग होता खरेदीच्या नव्या सॉफ्टवेअरवर. महिनाभर त्यानं आम्हा दोघांना पिडलं होतं. कुठला भाग कोण देतं, सगळं खोदून खोदून विचारून भरून घेतलं होतं, आणि मग त्या पुरवठादारांनाही तेच विचारत ते थेट कामगारांच्या नावांपर्यंत पोचलं होतं.

“एकदा ऐका तरी,” म्हणत मी एका खुर्चीची यादी उघडली आणि वाचू लागले. सीटचं कापड विणणाऱ्या इचलकरंजीच्या हसीना मुजावर. चाकांचे स्पोक बनवणारे लुधियानाचे गुरमीत सिंग. टायरच्या रबराचा चीक काढणाऱ्या कोट्टायमच्या मरियम्मा.

मिस्त्री वळले. “सावकाश वाचा की, ताई.”

एकेक नाव अडखळत स्वतःशी म्हणत ते स्क्रीनसमोर एकेक फूल ठेवू लागले.

टोपली रिकामी झाली तेव्हा यादी अर्धीही सरली नव्हती. मी थांबले.

“एका खुर्चीला एवढी माणसं?” मिस्त्री पुटपुटले. मग ते आपल्या मशीनपाशी गेले, तिचा हार उतरवला, दोरा तोडला आणि फुलं ओंजळीत घेऊन परत आले.

“हं, पुढचं नाव?”