नवऱ्याची खोड

लग्नाच्या वाढदिवसाला लेकीनं आईवडिलांना बळेबळे फिरायला पाठवलं होतं. शहराच्या भर बाजारपेठेतल्या हॉटेलात दोघं जेवायला बसली. आजारपणात नवऱ्याच्या तोंडाची चव गेली, ती परतलीच नव्हती. पूर्वी स्वयंपाकात खोड काढल्याशिवाय ज्याला घास उतरत नसे, तो वर्षभर पानात पडेल ते मुकाट गिळत होता. ती शांतता बायकोला खायला उठे. वेटरनं सूप आणि पाव आणले. नवरा पहिल्याच चमच्याला थबकला. त्यानं पुन्हा चाखलं. "मीठ जास्त झालंय." वेटर ओशाळला. "माफ करा साहेब, लगेच बदलून आणतो." तिनंही चाखलं. खरंच खारट होतं. वाडगा तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला. "राहू द्या," डोळे पुसत ती म्हणाली. "अहो, आणखी काय बिघडलंय सांगा ना." "मिरी कमी आहे, पाव गोडसर..." तो सांगत राहिला. तिला कडकडून भूक लागली.